सवाष्ण घोडी हयात आहे तोवर

मी, पुष्पलता शालिकराम भोयर, वय ६९ वर्षे, निवृत्त व्रणोपचारक, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वकिलांच्या समाधानासाठी. माझ्या नात्यातल्या बऱ्याच जणांचं मत गेली सात वर्षं याच्या उलट आहे, आणि हा कागद मुख्यतः त्यांनी वाचावा म्हणून लिहिला आहे.

व्रणोपचारक म्हणजे काय ते माझ्या नणंदेला अजून नीट माहीत नाही, म्हणून सांगते. जनावराची जखम धुवायची, किडे काढायचे, औषध भरायचं, पट्टी बांधायची. भिवापूरकडे जनावरांच्या दवाखान्यात हे काम माझे पती करत. ते गेले तेव्हा अश्विन पाच वर्षांचा होता, आणि मला अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी घेतलं. पहिल्या दिवशी एका शेतकऱ्याने बाईच्या हातची पट्टी नको म्हणून बैल परत नेला. आठव्या दिवशी तोच बैल घेऊन तो आला. पुढे एकोणीस वर्षं मी गायी, म्हशी, बैल, शेळ्या बांधल्या. घोडा एकही नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

कलम १. माझी मिळकत म्हणजे नंदनवनातलं हे घर, मागचं अंगण आणि अंगणातलं टिनाचं शेड. सगळं माझ्या पगारातून आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून उभं राहिलं. वडिलोपार्जित यात एक वीटही नाही, त्यामुळे हे कोणाला द्यायचं ते मीच ठरवणार.

कलम २. माझ्याकडे एक पांढरी घोडी आहे, वय सुमारे सतरा वर्षे, नाव सवाष्ण. घोडी ही कायद्याने जंगम मालमत्ता आहे, असं वकिलांनी मला दोनदा सांगितलं. तिच्या नावावर घर करता येत नाही, हेही सांगितलं. मी विचारून पाहिलं होतं.

ती माझ्याकडे कशी आली याबद्दल नात्यात तीन-चार कथा चालतात. खरी ही आहे.

२०१८ च्या मे महिन्यात अश्विनचं लग्न झालं. आमच्यात नवरदेव घोडीवर बसण्याआधी त्याच्या आईने घोडीच्या पायांवर पाणी घालायचं, तिला कुंकू लावायचं आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ ओंजळीतून चारायची असा रिवाज आहे. आई विधवा असेल तर हे दुसऱ्या कोणी करायचं. माझी नणंद बायजाबाई ताट घेऊन पुढे झाली आणि मला म्हणाली, "पुष्पलता, तू मांगं राह्य वं. आजच्या दिवशी तरी."

मी दहा पावलं मागे झाले. ज्या पोराला एकटीने वाढवलं त्याच्या लग्नात मागे उभी राहिले, याचा राग मला तेव्हाही आला होता आणि आजही आहे. पण मागे उभं राहिल्यामुळे मला जे दिसलं ते पुढच्यांना दिसलं नाही. बायजाबाई कुंकू लावत होती तेव्हा तिची नजर फोटोवाल्याकडे होती. मी पाहिलं की घोडी पुढचा डावा पाय जमिनीवर टेकवत नाही. जरीच्या झुलीखालून पाठीवर ओल आली होती आणि तिथे माशा बसत होत्या.

मी घोडीवर बसलेल्या अश्विनला म्हटलं, "उतर खाली. घोडी लंगडून राहिली. पाठीत जखम आहे तिच्या."

तो म्हणाला, "आई, आता तमाशा नको करू. सारे पाहून राहिले."

कार्यालयाचं फाटक वीस पावलांवर असताना घोडी बसली ती बसलीच. अश्विन बाजूला घसरला. त्याला खरचटलंही नाही, फक्त डोक्यावरचा फेटा रस्त्यावर पडला. लोकांनी त्याला उचलून आत नेलं, कारण मुहूर्त जवळ आला होता. बँड त्याच्या मागे गेला. घोडीवाल्याने झूल, तुरा, घुंगरं काढून रिक्षात टाकली आणि घोडी तिथेच सोडून तोही गेला.

पाठीवर तळहाताएवढी जखम होती आणि तिच्यात किडे होते. खूर सडलेला, त्यातून रक्त येत होतं. मला स्वच्छ कापड हवं होतं आणि जवळपास एकच होतं. फेटा कोरा होता, राणी रंगाचा. मी तो मधोमध फाडला आणि अर्ध्याने खूर बांधला. आतून लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं ऐकू येत होती. सगळी ऐकली. अक्षता टाकायला मी गेले नाही, कारण माझ्या मांडीवर तिचा पाय होता आणि तो सोडला असता तर ती परत उठली नसती.

तर होय, मी माझ्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नात मांडवात नव्हते आणि त्याचा फेटा मी फाडला. हे दोन्ही आरोप मला मान्य आहेत. माफी मागायची असती तर सात वर्षांत मागितली असती.

त्याच रात्री मी तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी घोडीवाल्याने लिहून दिलं की जनावर निकामी आहे आणि त्याचा त्यावर हक्क नाही. वर्षभराने घोडी भरली, चमकायला लागली, तसा लग्नसराईच्या तोंडावर तो फाटकाशी येऊन म्हणाला, "बाई, घोडी तं माहीच आहे." मी त्याला त्याचीच सही दाखवली. तो कागद सोबत जोडला आहे.

कलम ३. श्री. धोंडबा निखारे, आमच्या मागच्या गल्लीत राहतात, तरुणपणी टांगा चालवत. त्यांना या घरात रोज सकाळी चहा आणि शेडमध्ये खुर्ची, त्यांच्या हयातीपर्यंत. याचं कारण माझी चूक आहे, म्हणून तीही लिहिते.

घोडीची हाडं मोजता येत होती. मरतुकडी गाय दवाखान्यात आली की आम्ही मालकाला सांगायचो, ढेप चारा. मी पहिल्याच सकाळी सवाष्णीपुढे सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घमेलंभर ठेवली. तिने सगळी खाल्ली आणि मी खूश झाले. दुपारी ती स्वतःच्या पोटाला लाथा मारायला लागली, घामाने भिजली, लोळायला लागली. डॉक्टर विहंग आले. तरुण माणूस, चांगलं शिकलेला. म्हणाले, "काकू, चार दिवसांच्या वर नाही काढणार ही. झोपवून टाकू. तुम्हालाही त्रास नको." मी त्यांना बाहेर काढलं. शब्द काय वापरले ते इथे लिहीत नाही.

धोंडबा गलका ऐकून आले. त्यांनी घमेलं पाहिलं आणि मला धरून झापलं. "गाय समजून राहिली काय वं तू इले? गाय रवंथ करते. घोड्याले तं साधी उलटीबी नाही होत. पोटात गेलं थे गेलं. उठव. चालव इले. लोळू देऊ नको."

एकोणीस वर्षांची नोकरी बाजूला ठेवून मी त्यांचं ऐकलं. डॉक्टरही फाटकातून परत आत आले, त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि तेही आमच्यासोबत चालले. संध्याकाळी तिने लीद टाकली तेव्हा धोंडबांनी टोपी काढून तिला नमस्कार केला. त्यानंतर महिनाभर दर दोन तासांनी मूठ-मूठ गवत, त्याहून जास्त काही नाही. मग हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा. जखमेतले किडे मी चिमट्याने काढले, खूर रोज कोमट मिठाच्या पाण्यात बुडवला. सहाव्या महिन्यात ती अंगणात पहिल्यांदा धावली आणि माझी तुळस तुडवली. मी रडले, तुळशीसाठी नव्हे.

कलम ४. श्रीमती बायजाबाई यांना माझी हिरवी पैठणी. त्यांना ती आवडते हे मला ठाऊक आहे, आणि विधवेने काय करायची पैठणी असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या आहेत. आता त्याही विधवा आहेत. त्यांनी ती नेसावी, ही माझी अट आहे. घोडीचं नाव सवाष्ण ठेवलं म्हणून त्यांनी दोन वर्षं माझ्याकडे पाणी घेतलं नाही. मी रोज सकाळी गल्लीत ऐकू जाईल असं तिला हाक मारते आणि मरेपर्यंत मारणार.

कलम ५. माझा मुलगा अश्विन याला त्याच्या फेट्याचा उरलेला अर्धा भाग. धुऊन, घडी करून, माझ्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला आहे. बाकी काही नाही.

गेल्या चैत्रात मी छातीत दुखून दवाखान्यात पडले असताना तो उशाशी बसून म्हणाला, "आई, तुह्या मांगं थे घोडी कोण पाहीन? एखाद्या गोशाळेत देऊन टाकू. घराले बिल्डर लगेच भेटते." मी म्हटलं, "मी अजून मेली नाही ना." तो म्हणाला, "माह्या लग्नातबी तू नव्हती. तुले घोडीच पाह्यजे होती." सात वर्षं पोटात ठेवलेलं त्याने तेव्हा बोलून टाकलं. उत्तर पुढच्या कलमात आहे. तो कोर्टात जाईन म्हणतो. जावं.

कलम ६. घर, अंगण, शेड आणि माझी पट्ट्यांची पेटी माझी सून सौ. मिनल हिला. तिच्या एकटीच्या नावावर.

वरातीची घोडी पडली, तेव्हा दोष द्यायला दोघीच होत्या. एक मी, माझी सावली पडली म्हणून. दुसरी ती, जी त्या वेळी आत खोलीत बाशिंग बांधून बसली होती आणि जिने घोडी पाहिलीही नव्हती. पांढऱ्या पायाची म्हणाले तिला, पहिल्याच दिवशी. मीही तेव्हा तिच्या बाजूने बोलले नाही. मी जखमा धूत होते. हे कारण आहे, पण पुरेसं नाही.

तिसऱ्या महिन्यात ती त्यांच्या कोराडीच्या घरून बसने एकटी आली, हातात डबा. फाटकाबाहेरूनच म्हणाली, "आई, माह्या पायगुणानं पडली म्हणतात ना थे? मले पाहाचं आहे तिले." डब्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ होती. मी म्हटलं, जास्त नको, मूठभरच दे. सवाष्णीने तिच्या ओंजळीतून खाल्लं आणि पोर तिच्या मानेला धरून खूप रडली. तेव्हापासून दर गुरुवारी ती येते. खूर साफ करायला शिकली. आता पट्टी माझ्यापेक्षा चांगली बांधते, आणि हे मी तिला तोंडावर कधी सांगितलेलं नाही.

अटी अशा: सवाष्ण हयात आहे तोवर हे घर विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, अंगणावर बांधकाम करायचं नाही. तिच्या पाठीवर झूल, खोगीर किंवा नवरदेव चढवायचा नाही, मग तो माझा नातू का असेना. ती नैसर्गिक मरणाने गेली की घर मिनलचं, विनाअट.

कलम ७. शेजारी श्री. मधुसूदन हरकरे यांनी लिदीच्या वासाबद्दल माझ्याविरुद्ध तीन तक्रारी केल्या. चौथ्या खेपेला ते मागच्या दाराने आले आणि म्हणाले, "वहिनी, गुलाबाला घोड्याची लीद फार चांगली असते म्हणे." त्यांना दर महिन्याला एक पोतं. लीद ही मालमत्ता धरली जात नाही असं वकील म्हणाले, त्यामुळे ते साक्षीदार म्हणून सही करू शकतात.

कलम ८. माझ्या तेराव्याचं जेवण करू नये. त्याऐवजी सवाष्णीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारावी. मूठभरच. घमेलंभर घालणाऱ्याला माझा तळतळाट लागेल.

सहीपूर्वीची पुरवणी. हा मसुदा मिनलने अश्विनला वाचायला दिला. मी दिला नसता.

आज सकाळी साक्षीदार यायच्या आधी तो एकटाच आला. श्रावणातल्या ओलीने सवाष्णीचं तोच डावा खूर पुन्हा पिकला आहे आणि माझ्याच्याने आता खाली बसवत नाही. तो चपला काढून शेडमध्ये गेला आणि तिचा पाय मांडीवर घेतला. जिवंतपणीच द्यावा म्हणून कलम ५ मधला फेटा मी ट्रंकेतून काढून खुर्चीवर ठेवला होता. पट्ट्यांची पेटी शेजारी उघडी होती, नवी पट्टी तिच्यात वरच होती आणि त्याला ती दिसत होती. त्याने मला विचारलं, "आई, मीठ किती टाकू पाण्यात?" मी सांगितलं. खूर धुऊन झाल्यावर त्याने हात लांब करून फेटा घेतला, दातात धरून फाडला आणि बांधला.

तरी कलम ५ मधली वस्तू आता अस्तित्वात नसल्यामुळे ते कलम रद्द समजावं. बाकी कागदात मी एक अक्षरही बदललेलं नाही. पट्टी थोडी सैल बांधली आहे, मिनलने गुरुवारी पाहावी.

हे सर्व मी वाचून, समजून, घराच्या मागच्या अंगणात बसून सही केली.

पुष्पलता शालिकराम भोयर

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:

१. मधुसूदन हरकरे, शेजारी
२. डॉ. विहंग लांजेवार, पशुवैद्य (चार दिवस सांगितले होते, हे मान्य.)

नंदनवन, नागपूर
दिनांक १२ ऑगस्ट २०२५

वाचलं. माही काही हरकत नाही. गुरुवारी मिनलसोबत मीबी येईन.
अश्विन शालिकराम भोयर, मुलगा