बांच्या हातची किटली

भोजपूर, भाद्र २०, वि. सं. २०५२

चि. सौ. धाकटी बहीण सुनमाया हिस दिलमान दाजूचे आशीर्वाद.

तू पाठवलेली लोणच्याची बरणी पोचली. तुझ्या वहिनीने ती माझ्या भीतीने कुलपात ठेवली आहे.

घोर आहे तो बांचा. दसैंच्या सणासाठीच्या खुकऱ्या घडतात झकास, घणाचा ठोका अजून अचूक. पण पाणी पाजताना किटली धरलेला हात थरथरतो. लाल पात्याच्या नुसत्या कडेवर जायचं पाणी पाठीवर सांडतं, मग पातं कुठे मऊ, कुठे काचेसारखं. परवा एक खुकरी लाकडावरच तुटली. किटली मला द्या म्हटलं, तर म्हणाले, मी मेलो की घे, तेव्हा कोण अडवणार आहे!

म्हणून ते जेवायला गेले की मी चोरासारखा पाती पुन्हा तापवून पाणी पाजतो. दुसरं काय करू?

तुझा,
दिलमान दाजू

धरान, असोज २

ती. दाजूस सुनमायाचा नमस्कार, वि. वि.

बापलेक सारखेच हट्टी. मध्ये वहिनी बिचारी भरडली जाते.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. गोळ्या पाठवते, पण त्या गोळ्यांनी फक्त उतार पडेल म्हणाले. आजोबांचाही हात असाच कापायचा का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, हे रक्तातून येतं, भावंडांनीही लक्ष ठेवा. तेव्हापासून मी दिवसातून दहादा पेला उचलून बघते. माझा हात ठीक आहे. तुझा कसा आहे? लगेच कळव.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. माया असू दे.

तुझी,
सुनमाया

भोजपूर, असोज १२

चि. सौ. सुनमाया हिस आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. गोळ्या बांनी कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्या ठणठणीत आहेत.

काल तीन खुकऱ्या परत आल्या. तिन्ही मी चोरून पाणी पाजलेल्या. कानस लावून पाहिली, तर तेच दुखणं, कुठे मऊ, कुठे कडक. बांनी पात्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, हे माझं पाणी नाही. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

ते रडले गं. म्हणाले, गेल्या वर्षी चहा पिताना तुझा हात हलताना पाहिला. किटली तुला देत नव्हतो ती त्यासाठीच. जितके दिवस तुला कळणार नाही, तितके दिवस तुझे, असा हिशेब केला होता.

राहिलेल्या सात पात्यांना आता कोण पाणी पाजणार? ती तशीच पडली आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आता जेवायला बसलो की माझा घास हातात राहतो आणि मी पोरांच्या हातांकडे बघत बसतो. तू तुझ्या पोरांच्या हातांकडे बघू नकोस, सुनमाया. एकदा बघायला लागलं की थांबता येत नाही.

आहे ती माया अशीच राहू दे.

तुझा,
दाजू