आफ्रिकेवाल्या काकांचं नाव

ती. दिनकरदादा,

हरिशंकरपुरमहून केदारचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि सुधावहिनींची शुगर ताब्यात असेल अशी आशा. ऑटोने वीस मिनिटांवर राहून पत्र लिहितोय, कारण गेल्या दिवाळीपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. घराण्याच्या जुन्या मोडी कागदांच्या तुमच्या ट्रंकेला मी ‘रद्दी’ म्हणालो तेव्हापासून. (चुकलोच. ते कळायला मला समुद्र ओलांडावा लागला.)

आमची प्रांजली इंग्लंडात ज्या खेड्यात राहते, तिथे मी आणि सीमंतिनी उन्हाळाभर लेकीकडे होतो. वस्ती जेमतेम तीनशे. आपल्याकडे मुंजीला याहून जास्त पानं उठतात. पण दादा, काय गाव आहे! चर्च आठशे वर्षांचं, आणि पहिल्या पाद्रीबुवांपासून आजच्यांपर्यंत सगळ्यांची नावं ओळीने फळ्यावर. दर बुधवारी पोस्टमन, दातांची डॉक्टरीण आणि निवृत्त मास्तर मिळून घंटांचे दोर ओढण्याचा सराव करतात. शेताशेताला नाव आहे, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशातही तेच आहे. टेलिफोनच्या जुन्या लाल खोक्यात पुस्तकं ठेवलीत. कुणीही न्यावीत, वाचून परत आणावीत. मी तीन दिवस पाळत ठेवली. खरंच परत आणतात हो!

एका शनिवारी गावच्या सभागृहात गेलो. माणसांची गर्दी, आत काहीतरी मंगल चाललेलं. मी सवयीने दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर आत शिरलो. तिथे चर्चच्या छपरासाठी जुन्या वस्तूंची विक्री होती. दाराशी ठेवलेलं ते दान, असा तिथला रिवाज. बाहेर आलो तर बूट विकले गेलेले! प्रांजलीने कपाळावर हात मारला, “बाबा, यहाँ जूते बाहर नहीं उतारते, किती वेळा सांगू!” पण संध्याकाळपर्यंत अख्खं गाव माझे बूट शोधत होतं. शेवटी ते सापडले, आणि पॉलिश होऊन, माफीच्या चिठ्ठीसकट दारात आले. माझे डोळे भरून आले. (सीमंतिनीला वाटलं, पॉलिशच्या वासाने.)

त्या बुटांमुळे मी गावात प्रसिद्ध झालो, आणि मंगळवारच्या इतिहास मंडळात मला मानाने बसवलं. पहिल्या महायुद्धात त्या गावचे अकरा जण कामी आले. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सारं गाव उभं राहून एकेकाचं नाव मोठ्याने घेतं. शंभर वर्षं उलटली, एकही चुकलेलं नाही. मी छाती काढून म्हणालो, आमच्याही घरचा एक माणूस त्याच युद्धात, आमच्या ग्वाल्हेरच्या पलटणीतून आफ्रिकेत गेला आणि परतला नाही. ब्याऐंशी वर्षांच्या मार्गारेटबाईंनी पेनाचं टोपण काढलं. म्हणाल्या, यंदा आमच्या अकरांनंतर त्यांचंही नाव घेऊ. नाव काय?

दादा, पणजोबांच्या धाकट्या भावाला घरात सगळे नुसतं ‘आफ्रिकेवाले काका’ म्हणत आले. चाळीस माणसं चहाचे कप धरून थांबली होती, आणि मला स्वतःच्या घरच्या माणसाचं नाव येत नव्हतं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. एक नाव सांगून मी खाली बसलो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
केदार

ता. क. मोडी घरात फक्त तुम्हाला येते. ट्रंक उघडून काकांचं खरं नाव शोधा. नोव्हेंबर जवळ आलाय. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो, कागद पुसायला बसतो, शिव्याही खातो.

ता. क. २. मी सांगितलेलं नाव तुमचं आहे. घाईत दुसरं भारदस्त नाव सुचेना. वहिनींना एवढ्यात सांगू नका.

ता. क. ३. त्यांनी फोटो मागितला, म्हणून तुमच्या लग्नातला फेट्यातला पाठवला. मार्गारेटबाईंनी कळवलंय, इतका देखणा मुलगा, फार लवकर गेला.