दरडीच्या मंजूर वेगाबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
दरड धोका निवारण कार्यालय,
दुसरा मजला, नवी इमारत.

विषय : कड्याखालील वसाहतीत दाखवलेली चित्रफीत मागे घेणे व अर्जदाराचा सत्कार रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे सत्काराचे पत्र.
२) आपल्याशी जिन्यात झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्याच कार्यालयाच्या तळमजल्यावर संगणक शाखेत कनिष्ठ विश्लेषक आहे. दरड सुटली तर ती कशी घसरेल, कुठे फुटेल आणि तिचे तुकडे कुठवर जातील हे संगणकावर आधी घडवून पाहणे, हे माझे काम. एकाच इमारतीत बसून हा माणूस अर्ज कसले करतो, वर येऊन का बोलत नाही, असे आपणांस वाटेल. दोनदा आपल्या दारापर्यंत येऊन परत गेलो. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून कागदाचा आसरा घेतला आहे.

१. आमच्या संगणकात कडा अखंड नसतो. हजारो लहान तुकडे एकमेकांना चिकटवून तो उभा केलेला असतो, आणि प्रत्येक सांधा किती ताण सोसेल ते आम्ही ठरवून देतो. ताण वाढला की सांधे तुटतात. वसाहतीवरच्या कड्याची मोठी शिळा आधी सबंध घसरते, मधल्या टप्प्यावर आपटून फुटते, आणि तिथून पुढे पोत्यातून धान्य ओतावे तशी खाली येते. कड्यापासून वसाहतीच्या शेवटच्या घरापर्यंत या सगळ्याला सव्वीस सेकंद लागतात. एवढ्या वेळात डोळ्यांना काही कळत नाही, पिवळा डाग खाली येतो आणि संपते. म्हणून आमच्या शाखेत प्रत्येक चित्रफीत दहापट संथ करण्याची रीत आहे. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की कोणी ती सांगत नाही, विचारत नाही आणि पडद्यावर लिहीतही नाही. या दरडीला तर आम्ही आपसांत ‘चार मिनिटांची दरड’ असेच म्हणतो.

२. वसाहतीच्या सभागृहात ही चित्रफीत दाखवली तेव्हा आपण पहिल्या रांगेत होता. कोणता रंग कोणत्या थराचा, शिळा कुठे फुटली, मोठे तुकडे मागे का राहिले, हे सगळे मी हातात काठी घेऊन समजावले. वेगाचे बोललो नाही. लपवायचे म्हणून नव्हे, सुचलेच नाही. मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, “सावकाश येते की बिचारी.” सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

३. त्या दिवसापर्यंत वसाहतीतली बहुतेक कुटुंबे कार्यालयाने दुसरीकडे देऊ केलेल्या नव्या घरांत जायला नाखुशीने का होईना, तयार होती. चित्रफीत पाहून सगळी फिरली. त्यांचा हिशोब सरळ होता. दरडीला यायला चार मिनिटे लागतात, शाळेच्या पटांगणावर पोचायला त्याहून कमी, मग राहते घर का सोडायचे? त्यांनी समिती नेमली, जिन्यांवर बाण रंगवले, रंगीत तालीम केली. तालमीत सगळे वेळेआधी पोचले. एक बाई तर गॅस बंद करून, कुलूप लावून, कुलूप ओढून पाहून आल्या. आपल्या कार्यालयाने याला ‘लोकसहभागाचा आदर्श’ म्हटले आणि मला सन्मानपत्र द्यायचे ठरवले. ते पत्र माझ्या खणात उपडे ठेवले आहे.

४. आता जे लिहितो ते नियमानुसार अर्जात येऊ नये, पण त्यावाचून माझी अडचण कळणार नाही. वसाहतीतल्या पहिल्याच घरात माझे मामा राहतात. वडील गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढलो. मामा शाळेत खेळाचे मास्तर होते. मला त्यांनी शिट्टी वाजवून वाजवून पळवले आणि तरी मी दर वेळी शेवटचा आलो, हे वसाहतीत अजून सांगतात. आता त्यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. कड्यावर नजर ठेवायला कोण, असा प्रश्न समितीत निघाला तेव्हा मामांनी ती जुनी शिट्टी काढली. “भाच्याने दरड शोधली, मामा राखण करील,” असे म्हणून ते दारात खुर्ची टाकून बसतात. शिट्टी वाजवणाऱ्याने सर्वांत शेवटी निघायचे, हा नियमही त्यांचाच. तालमीत शेजाऱ्याने त्यांना पाठंगुळी आणले तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या त्यांना पडल्या.

महोदय, मामा खुर्चीतून उठतात ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि अलीकडे नीट पाहिले आहे. आधी दोन्ही हात गुडघ्यांवर, मग “हं, चला,” मग थोडे थांबणे, मग भिंतीचा आधार. तेवढ्यात माझी दरड त्यांचे घर ओलांडून शेवटच्या घराला टेकते.

५. हे लक्षात येताच मी आपणांस जिन्यात गाठले. आपण म्हणालात की चित्रफीत रीतसर मंजूर झाली आहे, मंजूर वेगात बदल करायचा तर नव्याने प्रस्ताव लागेल, आणि एवढे कौतुक होऊन गेल्यावर तो आणणे बरे दिसणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. पण दरडीचा वेग आपल्या कार्यालयाने मंजूर केलेला नाही. तो उताराने ठरवला आहे.

६. मग मी परवानगीशिवाय वसाहतीच्या वाचनालयात खऱ्या वेगाची चित्रफीत दाखवली. याबद्दल माझ्यावर कारवाई व्हावी. कोणाला काही दिसले नाही. दुकानदार म्हणाले, “अडकलं वाटतं, नीट लाव.” पुन्हा लावली. मामी म्हणाल्या, “आज तुझ्या मशीनला घाई झालीय, चहा घे आधी.” तेव्हा मामा उभे राहिले, म्हणजे उठायला लागले, आणि सगळ्यांदेखत मला विचारले, “यातली खरी कोणती रे?”

सगळी वसाहत माझ्याकडे पाहत होती. त्यांच्या तोंडावर मामांच्या भाच्याचे कौतुक होते. मी म्हणालो, “तशा दोन्ही खऱ्याच आहेत मामा, फक्त वेग...” आणि पुढचे सोडून यंत्राची वायर गुंडाळू लागलो. मामा म्हणाले, “मग आपली जुनीच बरी, तिच्यात नीट दिसतं.” सगळ्यांनी मान डोलावली. मी चहा प्यायलो आणि घरी आलो. सभागृहात चुकलो ते अजाणता चुकलो. वाचनालयात मला सगळे ठाऊक होते, आणि तरी चारचौघांत मान खाली जाईल म्हणून मी गप्प बसलो. याची लाज मला रोज जेवताना वाटते.

७. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगायला गेलो. मामांचा खुर्चीतच डोळा लागला होता. त्यांना उठवून सांगायचे सोडून मी त्यांच्या मांडीवरची शिट्टी उचलली आणि निघून आलो. वाटले, शिट्टी गेली तर लोक घाबरतील आणि घाबरले तर निघतील. नोकरदार माणसाने म्हाताऱ्या मामाची शिट्टी चोरावी, ही माझी आजची योग्यता आहे. ती शिट्टी सोबत जोडली आहे.

८. कड्याच्या भेगेवर बसवलेला मापक गेल्या पंधरवड्यात दर वाचनाला पुढे सरकला आहे, म्हणजे भेग रुंदावते आहे. नव्या घरांच्या संमतीची मुदत महिनाअखेर संपते आणि नंतर ती घरे दुसऱ्यांना जातील, हे आपणांस माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

तरी विनंती की :

(अ) माझा सत्कार रद्द करावा व तसे वसाहतीत जाहीर करावे.

(आ) आपण स्वतः वसाहतीत येऊन, कार्यालयाच्या शिक्क्यासह, दरडीला सव्वीस सेकंद लागतात असे सांगावे. मी सांगितले तर घरच्या पोराचा विनय समजतात.

(इ) त्या वेळी मला आपल्या शेजारी उभे करावे आणि चूक कोणाची हे माझ्याकडे बोट दाखवून सांगावे. मी मान हलवीन. तेवढे मला जमेल.

(ई) वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर कार्यालयाने मंजूर केलेल्या वेगानेच खाली यावे, असा लेखी आदेश दरडीस काढावा आणि त्याची एक प्रत मामांच्या पत्त्यावर पाठवावी.

आपला नम्र, पण मान वर न करू शकणारा,

(सही)
कनिष्ठ विश्लेषक, संगणक शाखा, तळमजला
(वसाहतीतील ओळख : मास्तरांचा भाचा)

दिनांक : महिनाअखेरीच्या आधीचा चौथा दिवस

सोबत :
१) खऱ्या वेगाची चित्रफीत. पाहताना कृपया दुसरे काम करू नये.
२) भेगेवरील मापकाची वाचने.
३) शिट्टी, एक.

ताजा कलम : पाकीट बंद करत असताना मामींचा फोन आला. शिट्टी हरवली म्हणून मामा दिवसभर हळहळले. मग त्यांनी स्वयंपाकघरातले मोठे पातेले आणि डाव नेऊन खुर्चीशेजारी ठेवला. माझ्यासाठी त्यांचा निरोप आहे : काळजी करू नकोस, पातेल्याचा आवाज शिट्टीहून लांब जातो, आणि तू चार मिनिटं दिली आहेस, तेवढ्यात सगळ्यांना बाहेर काढीन.

मी मामींना एवढेच म्हणालो, “बरं.”

माझ्याच्याने होत नाही, हे आता आपणांस पटले असेल. आपण उद्या सकाळी यावे.