म्हाताऱ्या उंदरांचा पिंजरा

कंपाला, ७ मार्च

चि. डेनिस यास आत्याचे आशीर्वाद, आज जरा हात आखडून.

काल शुक्रवारी, ६ मार्चला, सकाळी सव्वानऊ वाजता तुझ्या सहीने माझे नऊ उंदीर मारले गेले. कारण काय, तर म्हातारे झाले, जागा अडवतात!

प्राणीगृहाचा प्रमुख ना तू? त्या उंदरांमध्ये एक मायक्रोआरएनए नाही, हे तुला ठाऊक आहे. एवढासा धागा तो, पण रोगाशी लढणाऱ्या पेशी घडताना त्यांना आवरतो, पुरे म्हणतो. तो नसला तरी तरुण उंदीर टुणटुणीत दिसतो. पेशी बेफाम होऊन आपल्याच शरीरावर उठतात त्या उतारवयात. दीड वर्ष मी ज्याची वाट पाहिली ते दिसू लागले, आणि तू त्यांना निकालात काढलेस.

तुझी (अजून तरी) पेर्पेतुआ आत्या

एन्टेबे, ९ मार्च

ती. आत्यास सादर नमस्कार.

तू रागावणार हे माहीतच होते. बाबा म्हणाले, बहिणीचे पत्र चिमट्याने उघड. पण नियमच आहे, संशोधक निवृत्त झाला की वर्षभरात त्याचे प्राणी काढायचे. तरुण उंदीर पुन्हा मागवता येतील. तू आता विश्रांती घे. निरोपाला दिलेल्या आरामखुर्चीत बसतेस ना? उरलेला पिंजरा शुक्रवारी काढायचा आहे, मन घट्ट कर. सोबत मटोक्याच्या केळ्यांचा घड पाठवतो आहे.

माया राहू दे, डेनिस

कंपाला, ११ मार्च

चि. डेनिस,

घड पोचला. केळी कच्ची आहेत, तुझ्या युक्तिवादासारखी.

तरुण उंदीर मागवता येतात रे, म्हातारे मागवता येत नाहीत. त्यांना म्हातारे होऊ द्यावे लागते. मारलेल्यांच्या प्लीहा तरी काढून ठेवल्यास का? त्या बेफाम पेशी तिथेच साठतात. पत्रात चकार शब्द नाही, म्हणजे त्याही कचऱ्यात गेल्या. आता त्या पिंजऱ्यातल्या चार बहिणीच उरल्या. एकीचे पोट फुगले आहे, तुझ्या पशुवैद्याने 'आजारी' लिहिले. अरे, आजारी पडणे हेच तिचे उत्तर आहे! कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर उत्तर पुरे होईपर्यंत पेपर ओढून घेत नसत.

त्यांचे रक्त आणि प्लीहा तपासून होईपर्यंत त्यांना कोणी हात लावणार नाही, हे मला तुझ्या सहीने, लेखी हवे. घड घेऊन आलेल्या तुझ्या ड्रायव्हरला जेवायला घालून हे पत्र देते आहे. त्याच्याच हाती उद्या, गुरुवारी दुपारी बाराच्या आत उत्तर पाठव.

नाही आले, तर शुक्रवारी सकाळी ती आरामखुर्ची टॅक्सीच्या टपावर चढेल आणि उंदरांच्या खोलीच्या दारात उतरेल. भरपूर रुंद आहे. म्हातारी जागा कशी अडवते ते मग बघ.

लोभ आहेच, पण आधी उत्तर.

पेर्पेतुआ आत्या