बांचा अंगठा

अनुबाय,

गाईला वाढे टाकलेत, कोंबड्या सोडल्यात. मी पहिल्या बसने पोर्ट लुईला जातोय. बा उसातून आले, की जेवण झाल्यावर त्यांना ही चिठ्ठी वाचून दाखव. त्यांच्यासमोर उभं राहून मला हे सांगवलं नसतं.

परवा साखर कारखान्याचा म्हणून ज्या कागदावर मी त्यांचा अंगठा घेतला, तो कारखान्याचा नव्हता. लंडनला कायदा शिकायला जायचा माझा अर्ज होता. मला अजून एकवीस पुरी नाहीत, म्हणून बापाची संमती लागते. विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, आणि अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस.

कागदात काय लिहिलंय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. “वर लावू की खाली?” एवढंच म्हणाले, शाई केसांना पुसली आणि परत कामाला गेले.

बाय, अख्खा गाव तुझ्या या भावाकडून कागद वाचून घेतो. खोटा सांगितला तो फक्त आपल्या घरात.

यापुढे इंग्रजी कागद आला, तर अंगठा देण्याआधी बांनी तो मास्तरांकडून वाचून घ्यावा. मी आणलेला असला तरी.

देवराज