गावानं खाल्लेला कोबी

मंगळवार, संध्याकाळ

लॉकडाऊनात बेळगावचं मार्केट बंद. "लक्ष्मी रानात कुजवायची न्हाय," म्हणत आप्पांनी सगळा कोबी गावात फुकट वाटला. आज सरकारी मदतीचं विचारायला मी आणि आप्पा शेती ऑफिसात गेलतो, तर साहेब म्हणतो, फोटोत रान मोकळं दिसतंय, नुकसान कुठाय? मोकळंच असणार. कोबी गावानं खाल्ला. कुजवला असता तर मदत मिळाली असती व्हय? आप्पा उठले. परत येताना बसमध्ये डोक्यात तेच, कुजवायलाच हवा होता का? न्हाय. उद्या कोबी नेलेल्या सगळ्या बायका घेऊन ऑफिसात जाणार. आणि साहेबाला सगळ्यांसमोर विचारणार, वाटपादिवशी तुम्ही गावात आलता, तवा आप्पांनी तुमच्या गाडीला अडकवलेले दोन गड्डे कसे लागले?