न शिकवलेली कळी

बाई, तुम्ही केलेला एक व्हेल, नवरीच्या डोक्यावरचा लेसचा, गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. वसईची एक मुलगी घेऊन आली होती. तिच्या आईने तो लग्नात डोक्यावरून घेतला होता, आता हिला घ्यायचा होता, आणि पेटीत उंदराने त्याची कड कुरतडलेली. मी तो मांडीवर पसरला तेव्हा आधी पानं ओळखीची वाटली. ती माझीच होती, शाळा सुटल्यावर धामणकर नाक्यामागच्या तुमच्या खोलीत बसून केलेली.

तुमचे मिस्टर शेजारच्या कापड कारखान्यात लूम दुरुस्त करायचे आणि तुम्ही वसईकडच्या लग्नांसाठी क्रोशाची आयरिश लेस करायचात. ही लेस एकटीची नसते, असं तुम्ही सांगितलं होतं. आयर्लंडात म्हणे एका घरात गुलाब व्हायचा, दुसऱ्या घरात पान, आणि मग कुणीतरी सगळं जाळीने जोडायची. तसंच तुम्ही आम्हा मुलींना वाटून दिलंत. मला पान आलं. जाड दोऱ्यावर मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घालत पान फुगवायचं, घट्ट झालं की तुम्ही न बोलता माझ्या मनगटावर बोट टेकवायचात. भाकरी उजव्या हाताने थापायचात, पण क्रोशाची सुई डाव्या हातात धरायचात, म्हणून आम्हाला समोर बसवायचात. आरशात बघून शिकावं तसं आम्ही शिकलो.

गुलाबाखाली एक मान वळवलेली कळी असायची. ती मात्र तुम्ही कुणालाच दिली नाहीत. एकदा मी वाकून तिचे टाके बघायला लागले, तर तुम्ही ती पदराखाली झाकलीत. मी हट्टाला पेटले. बाकी सगळं शिकवता, मग कळी का नाही? तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "मला ही कुणी शिकवलेली नाही. मी कशी शिकवू?"

दुसऱ्या दिवशी चहा गाळताना तुम्ही आपणहून सांगितलंत. तुम्ही अनाथाश्रमात वाढलात. तिथे आयर्लंडच्या एक म्हाताऱ्या सिस्टर लेस शिकवायच्या आणि कळी त्या एकट्याच करायच्या. त्या तापाने गेल्या. एका नवरीचा व्हेल अर्धा राहिला होता, म्हणून तुम्ही नुसती जाळी भरायला बसलात, आणि उठलात तेव्हा कळी झालेली होती. "सिस्टर डावखुऱ्या होत्या," तुम्ही म्हणालात. "मी नव्हते."

मला ते खरं वाटलं नाही. वाटलं, आपली कला राखून ठेवायला बाई गोष्ट सांगतायत. मग तुम्ही देवाघरी गेलात, बाजारात मशीनची लेस आली, मुली लग्न होऊन पांगल्या. मीही नारपोलीला आले. तोरणं, रुमाल करत राहिले.

वसईच्या त्या मुलीला मी स्पष्ट सांगितलं की जाळी भरून देईन, कुरतडलेल्या कळीच्या जागी पान बसवीन. ती बरं म्हणाली. शुक्रवारी कामाला बसले. शुक्रवारी आजूबाजूचे लूम बंद असतात. एरवीची खटखट थांबली की घरात कुणीतरी जास्तीचं आल्यासारखं वाटतं. भर दुपार आहे, जाऊ समोर लसूण सोलत तिच्या माहेरचं काहीबाही सांगते आहे, मी हूं हूं करते आहे. मग ती एकदम लसूण खाली ठेवते.

"उजवा हात दुखतो का गो तुजा?" ती विचारते. "कवाची डाव्या हातानं इनतेस."

मी खाली बघते. सुई डाव्या हातात आहे. या हाताने मी कधी कुलूपसुद्धा उघडलेलं नाही, आणि बोटं थांबत नाहीत. मनगटावर काहीतरी हलकेच टेकतं. हात सैल होतो. शेवटचा टाका पडतो आणि मांडीवर कळी असते, मान वळवलेली.

जुन्या कळ्यांशेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येईना. जाऊ म्हणाली, उसवून टाक, नवरीच्या डोक्यावर असलं काही देऊ नये. मलाही ते पटलं. पण दोऱ्याचं टोक सापडलं नाही. बोटं दुखेस्तोवर शोधलं, मग सुईने, मग चष्मा पुसून उन्हात नेऊन. कात्री लावायचा धीर झाला नाही. शेवटी कळी जाळीत जोडली.

मुलगी न्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं की कळी माझ्या बाईंनी केली. ती हसली. तिला वाटलं, मी तुमचा मान ठेवते आहे. लग्न नीट पार पडलं. तिने मोबाईलवर फोटो पाठवले. छान दिसते, खुशीत आहे. फक्त प्रत्येक फोटोत तिची मान किंचित वळलेली आहे, मागून कुणी हाक मारावी तशी.

हे मी कुठे पाठवणार? लिहिलं इतकंच. पुन्हा तसं काही झालं नाही. जाऊ म्हणते, सुटलीस. मीही हो म्हणते. पण बाई, शुक्रवार आला की दुपारी मी तिला भाजीच्या निमित्ताने बाहेर पाठवते, आणि ती लवकर परतली की मला तिचा राग येतो.